मिस्त्रीमामांचा पत्रा

मिस्त्रीमामांइतका अडाणी आणि तरीही स्वतःवर इतका खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या आईचे हे धाकटे भाऊ, तुडीलचे. मुंबईत गिरणीच्या बॉयलरपाशी चार-सहा वर्षं कोळसा ओढला आणि महाडला आमच्या घरी येऊन राहिले ते एकदम मिस्त्री होऊन! कोणी विचारलं की मुंबईत काय करत होता, तर मान ताठ करून सांगायचे, "इंजिनात होतो." जणू यांनी हात लावल्याशिवाय इंजिन सुरूच होत नव्हतं.

घरातली एक वस्तू त्यांनी धड ठेवली नाही. आईचा कंदील दुरुस्त केला, तेव्हापासून तो गळायला लागला. आई कुरकुरली तर म्हणाले, "गळतोय म्हणजे तेल खालपर्यंत पोचतंय ना गो!" आता अशा माणसापुढे हसावं की डोकं आपटून घ्यावं?

मी तेव्हा महाड-पोलादपूर सर्व्हिस मोटार चालवत होतो. मोटार माझीच, आणि सगळं घर तिच्यावर चालायचं. तिच्यात इंजिन आणि ड्रायव्हरचे पाय यांच्यामध्ये जो पत्रा असतो, तो गंजून त्याची चाळण झाली होती. सोमवारी तपासणीचे साहेब यायचे होते. त्यांनी मोटार पास केली नाही तर परवाना जाणार आणि आमची लाइन बिरवाडीच्या एका शेटकडे जाणार, हे उघड होतं. म्हणून शनिवारी सकाळी मी तांबटाला बोलवायला बाजारात गेलो. परत येऊन बघतो तर मामांनी जुना पत्रा काढून कात्रीनं त्याचे तुकडे केलेले! "नमुना कशाला रे? मशीनचं काम डोळ्यानं करायचं असतं," म्हणाले. नमुन्याशिवाय सोमवारपर्यंत जमायचं नाही, म्हणून तांबट आल्या पावली परत गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग पडवीत कारखाना सुरू झाला. माप घ्यायला कागद हवा म्हणून यांनी या वर्षाचं कोरं पंचांग फाडलं. मागच्या वर्षीचं शेजारीच पडलं होतं, पण ते दिसेल तर मिस्त्री कसले! घासलेटचे डबे कापून, ठोकून सपाट केले आणि त्यांचे तीन तुकडे कथील वितळवून डाखानं जोडायला घेतले. मी म्हटलं, "मामा, रिबिटा मारा. डाख उष्णतेनं वितळतो." तर मलाच म्हणाले, "रिबिट खडखड करते. डाख कसा आरशासारखा बसतो. तू मोटार चालव रे, पत्र्याचं मला सांगू नको." आणि नेमका धुराच्या नळीवरचा सांधाही त्यांनी डाखानंच जोडला. पत्रा बसला मात्र बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखा, हे कबूल केलं पाहिजे.

सोमवारी साहेब मागच्या बाकावर बसले. मामा न बोलावता माझ्या शेजारी. पोलादपूर तीन-चार मैलांवर आलं तेव्हा चढावर इंजिन तापलं आणि माझ्या पायाशी डाखाचे थेंब पडायला लागले. सांधा सुटला. मधला तुकडा आत इंजिनाकडे कलू लागला. मी मामांकडे पाहिलं. चप्पल शोधल्यासारखे खाली वाकले आणि दोन्ही हातांनी तो पत्रा धरून ठेवला.

"मामा, सोडा," मी हळूच म्हटलं.

"पुढं बघ. साहेब मागं हाय."

कातडी जळल्याचा वास मला येत होता. पोलादपूरला साहेबांनी उतरून बॉनेट उघडलं. पत्रा जागच्या जागी दिसला, कारण मामांनी हात काढले नव्हते. साहेबांनी सही केली आणि ते चहाला गेले. तेव्हा कुठे मामा सरळ झाले. म्हणाले, "झाली ना पास? बघ, डाखानं काय बिघडलं?"

त्यांची बोटं आखडली ती कायमची. हातोडी तर सोडाच, भाताचा घासही आई भरवायची. चार महिन्यांनी ते तुडीलला निघून गेले आणि तिथंच वारले. त्या परवान्यावर मी घर बांधलं, मुलींची लग्नं केली. आता घरातली मंडळी मामांचं नाव कौतुकानं घेतात, आणि माझं टाळकं सरकतं. चार रिबिटा मारल्या असत्या तर काय हात झिजले असते का त्या मूर्ख माणसाचे? असं मी सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हणतो.

एवढं मोठ्यानं म्हटलं की मग कोणी विचारत नाही, की ब्रेक तर माझ्या पायाखाली होता. मग मी मोटार का नाही थांबवली?