राखेल गवत

मी ज्या बाईचा सर्वांत जास्त ऋणी आहे, तिला आमचा सगळा गाव याडी म्हणतो. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती माझी आई नव्हती. आमचं घर गावात, विहाराजवळ. तिचं गावाबाहेरच्या तांड्यात. पण पाचवीपासून दहावीपर्यंत मला शाळेत पोचवलं ते तिनं. शाळा पलीकडच्या गावात होती आणि मधे ई-क्लासचं रान. ई-क्लास म्हणजे सरकारी दप्तरात गावच्या गुरांसाठी सोडलेली जमीन. आमच्याकडे अगदी म्हाताऱ्यांनाही तो शब्द मराठीच वाटतो. पावसाळ्यात तिथलं गवत माझ्या कमरेला लागे. त्यात साप असत, रानडुकरं असत, आणि मी फार भित्रा होतो. याडी गावची गुरं तिथंच चारायची. काठीनं गवत झोडपत ती पुढं चालायची, मी तिच्या मागं. ती नसती तर मी सातवीतच शाळा सोडली असती.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. यवतमाळहून शिकून परत आलो तेव्हा कापसाचे वाईट दिवस चालू होते. बोंडं अळीनं पोखरलेली, भाव पडलेला. दर महिन्याला एखादं घर कुलूप लावून पुण्याकडे जात होतं. जाणारा आधी गुरं विकायचा, त्यामुळं याडीचा कळपही आटत चालला होता. मागं राहिलेल्या बायांना हाताला काम हवं होतं. गावात अर्ज नीट लिहिणारा मी एकटाच. मी लिहिलं: ‘गावची ई-क्लास जमीन पडीत असून तिचा काही उपयोग होत नाही. तरी तेथे वृक्षलागवड करून मजुरांना काम द्यावे.’ अक्षर वळणदार काढलं होतं. पंचायतीत त्याचं कौतुक झालं. मलाही वाटलं, शिकल्याचं सार्थक झालं.

काम मंजूर झालं. आषाढ संपत आला होता. मी सकाळीच ही बातमी सांगायला याडीकडे रानात गेलो. आपल्या पडीतात झाडं लागणार, बायांना काम मिळणार, असं तिला सांगितलं.

“पडीत कोन म्हनलं?” तिनं विचारलं.

कागदावर तसंच आहे, असं मी म्हणालो. कागद कोणाचा, ते बोललो नाही.

“मंग त्या कागदाले इथं आन अन् दाखव. पडीत नोय हे बापू. राखेल हाये.”

तिनं मला हाताला धरून उतारावर नेलं आणि खाली बसवलं. थोड्या वेळानं समोरच्या गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला, कोणी फेकल्यासारखा. पंखांवर पांढरं झळकलं, बेडकासारखा कर्कर आवाज झाला आणि तो परत गवतात पडला. मग पुन्हा तसाच उडाला.

“हा माहा बेंडका,” याडी म्हणाली. “आवाज बेंडकाचा, उडी नाकतोड्याची, अन् तोरा नवरदेवाचा.”

मी कॉलेजच्या वाचनालयात त्याचं चित्र पाहिलं होतं. तणमोर. फार थोडे उरलेत, असं त्या पुस्तकात होतं. पण याडीनं जे सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. गवत पार चरलं तर तो येत नाही, आणि अजिबात चरलं नाही तरी येत नाही. त्याला गुडघाभर लागतं. म्हणून ती एक बाजू चारायची, एक सोडायची, पुढच्या वर्षी उलट. उन्हाळ्यात काटेरी झुडपं मुळासकट उपटायची. तिची सासूही गवत असंच राखायची. आणि ह्या सगळ्याला मी ‘उपयोग होत नाही’ असं लिहून दिलं होतं.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. चर खोदायला जेसीबी कधी येईल याचा नेम नव्हता. रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला तरी मी बाहेर येऊन बघायचो.

मी यवतमाळला कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांना पक्ष्याचं सांगितलं, काम थांबवा म्हणालो. त्यांनी फाईल काढली, माझ्यापुढं सरकवली आणि विचारलं, “अर्ज तुमच्याच अक्षरातला ना?”

माणूस भला होता. त्यांनी समजावलं की पक्ष्याचं लेखी दिलं तर कागद वनखात्याकडे जाईल, आणि ते कदाचित कुंपण घालून चराईच बंद करतील. मी ते ऐकून जास्तच घाबरलो. गवतात झाडं लागली तरी पक्षी जाणार, आणि कुंपण पडलं तरी जाणार, कारण कुंपणाच्या आत याडीच्या गुरांना येता येणार नाही. शेवटी त्यांनीच वाट सांगितली: लागवड नाल्याच्या काठावर हलवा, तसा ग्रामसभेचा ठराव आणा.

ग्रामसभा बोलावली. दवंडी दिली, मी घरोघर फिरलो. निम्म्या घरांना कुलपं होती. जी माणसं यादीत होती ती गावात नव्हती. कोरम भरला नाही, सभा आठ दिवसांनी ठेवली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणजे ठराव होणार होता; फक्त आठ दिवस निघायला हवे होते.

सहाव्या दिवशी जेसीबी आला. मी धावत गेलो, आडवा झालो, सभा व्हायची आहे म्हणून ओरडलो. चालकानं मशीन बंद केलं, पण तोवर उताराच्या बाजूनं दोन लांब चर पडले होते. काळी माती उलटून गवतावर आली होती. याडी बांधावर उभी होती.

ठराव झाला. काम नाल्यावर गेलं, तिथं जागा कमी म्हणून निम्म्याच बायांना मिळालं. बाकीच्या त्याचा दोष याडीच्या गवताला देऊ लागल्या. अर्ज कोणी लिहिला हे पंचायतीतल्या चार जणांना माहीत होतं, तांड्याला नाही. त्या पावसाळ्यात बेंडका पुन्हा दिसला नाही. दिवाळीनंतर मला मारेगावला नोकरी लागली. पुढच्या आषाढात मी याडीला पत्र पाठवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणजे पत्र कोणीतरी चारचौघांत वाचून दाखवणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर ते लिहायला मला आठ महिने लागले.

‘याडी, रामराम अन् माहा जयभीम.

जो कोनी हे वाचून राह्यला, त्यानं मोठ्यानं वाचावं. तांड्यानं ऐकलं तरी चालन.

तू इचारलं होतं, पडीत कोन म्हनलं. मी म्हनलं होतं. थो अर्ज माहाच होता. थ्या दिवशी तुह्याजवळ बसून सांगाची हिंमत झाली नाई. काम माह्या अर्जानं आलं अन् माह्याच पायी निम्मं झालं. ज्या बायांचं काम गेलं त्याइनं मले बोलावं, तुले नाई.

गावाची गुरं इकून राह्यले असं समजलं. तुह्या चार गाई तरी ठेव. तू चारलं नाई त गवत डोक्याइतकं होईन.

चर बुजवाले मी बैलपोयाच्या सुटीत येतो. फावडं घरचंच आनतो.

औंदा बेंडका आला का, तेवढं कोनाकडून लिहून पाठव. नाई आला असन तरी पाठव.’