डावीकडं फिरलेला उजेड

मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण दोर वळणं अन् मधमाश्या पाळणं, ह्या दोन कामांत आमच्या शिवारात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगतो, दुसऱ्यानं सांगायची वाट बघत नाही. म्हणून वारंगा फाट्यावरच्या दुकानदारानं चार गिऱ्हाइकांसमोर माझी मधाची बाटली हलवली अन् म्हणाला, "मामा, ह्यात साखरेचा पाक दिसून राहिला," तेव्हा माझ्या अंगाचा जाळ झाला. दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

नांदेडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी माझी नात तेव्हा सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आबा, भांडता काहून? आपण उजेडाला विचारू."

तिनं सांगितलं ते असं. लेझरचा उजेड एका खास काचेतून नेला की तो एकाच अंगानं हलत पुढं जातो. साखरेच्या कणाला एक पीळ असतो. साखरेच्या पाण्यातून जाताना उजेड उजवीकडं वळतो. मधात डावीकडं वळवणाऱ्या कणांचा जोर जास्त, म्हणून मध त्याला डावीकडं नेतो. कण डोळ्याला दिसत नाहीत, पण त्यांचा पीळ उजेडाला कळतो. काही औषधांचंही असंच, म्हणे. एका पिळाचं गुण देतं, त्याचंच उलट्या पिळाचं भावंड काहीच कामाचं नसतं.

मी बाजेवरून उठूनच बसलो. पीळ! अगं, जन्मभर मी दुसरं काय केलं?

पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. भर पावसाळ्यात रानात फूल नव्हतं, तेव्हा माश्या जगवायला मी एका पेटीपुढं साखरेचा पाक ठेवला होता. फाट्यावर दिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक त्याच पेटीची. दुसरी करडईच्या फुलावरची, चोख. उजेड उजवीकडं फिरला तर माझा शब्द गेला. तरी मी हट्टच धरला, परीक्षा फाट्यावरच, त्याच्याच दुकानात, दोन्ही बाटल्यांची.

भर दुपारी दुकानदारानं शटर खाली ओढलं. आत आम्ही तिघं अन् चहा प्यायला थांबलेले पाच-सहा जण. अंधार, उकाडा, घामाच्या धारा. पोरीनं टेबलावर लेझर ठेवला. पुढं एक काच, मग पाण्यानं भरलेली लांब नळी, मग दुसरी काच, अन् शेवटी भिंत. दुसरी काच फिरवत फिरवत तिनं भिंतीवरचा लाल ठिपका पार विझवला. म्हणाली, आता नळीतल्या पाण्यानं ठिपका पेटला, तर तो विझवायला काच जिकडं फिरवावी लागेल, तिकडं उजेड वळला.

"तुमच्याच पोत्यातली साखर द्या, काका."

नळीत साखरेचं पाणी भरलं अन् विझलेला ठिपका लख्ख पेटला! तिनं काच चांगली उजवीकडं फिरवली, तेव्हा कुठं विझला. मग करडईचा मध पाण्यात कालवून भरला. ठिपका पेटला. काच जराशी डावीकडं. विझला!

"बघ लेका!" मी पोत्यावर हात आपटला.

मग दुसरी बाटली, पाकाच्या पेटीची. मी भिंतीवरच्या ठिपक्यावर डोळे रोखले. पोरीचा हात हलला, डावीकडं. विझला.

दुकानदार काही कमी नाही. म्हणाला, "असं न्हाई. नळी उलटी करा. मागचं तोंड पुढं. मंग उजवीकडं फिरते का न्हाई बघा."

पोरगी बोलणार, तेवढ्यात मी तिला थांबवलं अन् दुकानातल्या खिळ्याला टांगलेला दोर ओढला. मोबाइलच्या उजेडात त्याच्या नाकापुढं धरला. "पीळ कोणीकडं हाय? बघितलास? आता टोकं बदलतो. बदलला का पीळ?"

"न्हाई."

"मंग नळी उलटी केल्यानं कसा बदलंल? बदलला तर ही टोपी तुझ्या पायावर."

नळी उलटी केली. डावीकडंच! शटरमागं एकच गलका. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. "आबा, हे तर मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं."

"तुला कोण शिकव म्हणलं व्हतं?"

शटर वर गेलं. दुकानदारानं स्वतः चहा आणला. "चुकलो, मामा." पण मी कप तसाच खाली ठेवला. सगळ्यांसमोरच मी पोरीला विचारलं, "माश्यांनी साखरेचा पाक पिऊन मध केला, तर उजेडाला कळतं का गं?"

ती म्हणाली, "नाही आबा. माशी साखर फोडते. मग त्या पाकाचा मधही उजेडाला डावीकडंच फिरवतो."

मी उठलो अन् दुसरी बाटली उचलली. "ही पावसाळ्यातली. पाकावरची. ही मी परत नेतो."

"अहो मामा, जितलेला डाव कोण मोडते? उजेडाला कळलं न्हाई, मला काय कळलं असतं?"

"मला कळलं व्हतं ना!"

जीपमध्ये बाटली मांडीवर धरून बसलो. डोळ्यांपुढून तो लाल ठिपका हलत नव्हता. पोरगी शेजारीच बसली होती. मी तिला कोपरानं ढोसलं.

"काय गं, आता मला बी धरंल असा उजेड हुडक."

"कुठं तरी असेल, आबा. वेळ लागेल."

"लागू दे. तवर मी मरत न्हाई."