तिन्ही जोड्यांचा डावा बंद

दामोदररावांनी जव्हारच्या एका कचेरीत बत्तीस वर्षं टायपिंग केलं आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही. ही माहिती कचेरीच्या दप्तरात शोधायला जाऊ नये. ती खुद्द दामोदररावांकडे मिळते, आणि न विचारता मिळते. चुका झाल्या त्या साहेबांच्या सांगण्यात, कारकुनांच्या अक्षरात, रिबिनीच्या शाईत. एकदा तर म्हणे कागदच चुकीचा निघाला होता.

अशा निर्दोष पुरुषाशी संसार करायचं भाग्य आशालताबाईंच्या कपाळी लिहिलेलं होतं. पूर्वजन्मीचं पुण्य म्हणतात ते हेच असावं. रोज सकाळी देवापुढे निरांजन लावताना त्या घरादारासाठी, लेकीसाठी, गावासाठी मागून झालं की शेवटी "आणि यांना…" एवढंच म्हणून थांबायच्या. पुढचं देवाला समजत असणार. त्यानेही तीस वर्षांहून जास्त संसार पाहिलेला होता.

निवृत्तीनंतर दामोदररावांनी देवघराशेजारच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. मोखाड्याकडच्या पाड्यांवर काम करणारी एक संस्था होती. तिथल्या कविताताई पाड्यावरच्या बैठका छोट्या यंत्रावर रेकॉर्ड करायच्या आणि दामोदरराव हेडफोन लावून त्या शब्दन् शब्द टाइप करून द्यायचे. पैसे बेताचेच मिळायचे, पण मान होता. चौकात कुणी भेटलं की "सध्या संस्थेचं गोपनीय काम चालू आहे" असं ते मोठ्याने सांगायचे. अलीकडे जरा जास्तच मोठ्याने.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आशालताबाईंनी नुकताच महालक्ष्मीचा घट मांडला होता, तोच दारात कविताताई आल्या. बरोबर डोईवरचा पदर घट्ट खोचलेली, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला अशी एक बाई होती. तिने हातातली कागदाची घडी उलगडली आणि दामोदररावांच्या टेबलावर ठेवली.

"बाबा, मी नवशी. यात मी कुठं हाये?"

"कुठे म्हणजे?"

"पाड्याच्या मीटिंगीत मी बोलली. माझ्यामागून गौरा बोलली. समद्या बाया बोलल्या. यात आमी कुठं हाये?"

कविताताईंनी कागदावर बोट ठेवून वाचलं, "'उपस्थित महिलांनी कोणतेही मत मांडले नाही.'"

"मग नसेल मांडलं," दामोदरराव म्हणाले. "मी ऐकतो तेच टाइप करतो."

नवशीला हसू आलं. "आमच्या पाड्यावर बाया गप बसल्या ना बाबा, तर पुरुष भगताला बोलावतील. म्हणतील, बघ रं, काय झपाटलं यांना!"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र नव्हती. संस्था पाड्याला एक वस्तू देणार होती, एकच. पुरुषांनी एकमताने लग्नाचा मंडप आणि शंभर खुर्च्या मागितल्या होत्या. लग्नं वर्षातून चार. जेवण रोज दोनदा. पण हे गणित बायकांनी करायचं असतं. बायकांनी नागली, म्हणजे नाचणी, दळायची चक्की मागितली होती, कारण दळणाचं ओझं डोक्यावर घेऊन त्यांना डोंगर उतरावा लागे आणि पीठ घेऊन पुन्हा चढावा लागे. आणि दामोदररावांच्या निर्दोष कागदावर नुसताच मंडप होता. सोमवारी संस्थेची सभा होती. कागद असाच गेला तर पाड्यावर खुर्च्या येणार होत्या.

"काका, या नव्या यंत्राला दोन कान आहेत," कविताताईंनी समजावलं. "मी ते मधोमध ठेवते. पुरुष एका अंगाला बसतात, ते उजव्या कानात येतात. बायका दुसऱ्या अंगाला, त्या डाव्या कानात. तुमच्या कागदातून डावी बाजू सगळीच गेलीय."

"रेकॉर्डिंगमध्ये दोष असणार."

"मी फोनवर ऐकलं. स्वच्छ आहे."

"मग हेडफोनमध्ये!" दामोदररावांना गुन्हेगार सापडला. "तरीच म्हटलं! डावा बंद पडलाय."

"काहीही असो. रविवारपर्यंत पुन्हा ऐकून द्या. नाही जमलं तर…" कविताताईंनी कागदाची घडी नवशीच्या हातात परत दिली. "तर काका, इथून पुढचं काम मला नाशिकला द्यावं लागेल."

त्या दोघी गेल्यावर दामोदररावांनी हेडफोन कचऱ्याच्या डब्यात फेकला. आशालताबाईंनी चहा आणून डाव्या हाताशी ठेवला, "घ्या, निवेल," म्हणाल्या. उत्तर आलं नाही. त्यात काही नवीन नव्हतं. गेली दोन वर्षं त्या बोलायच्या आणि ते ऐकायचे नाहीत. लेकीचं पत्र वाचून दाखवा, देवीला जायचं का, भाजीत मीठ आहे का, काहीही विचारा. कर्तबगार माणसांना एवढं लक्ष द्यायला वेळ कुठला! आशालताबाईंनी हे गाऱ्हाणं देवाजवळ इतक्यांदा नेलं होतं की देवही आता डावीकडेच बसत असावा, असं त्यांना वाटू लागलं होतं.

संध्याकाळी दामोदरराव बाजारपेठेत सुशीलच्या दुकानात गेले आणि स्पीकर घेऊन आले. स्वस्तात मस्त मिळाले म्हणाले. एक मोठा डबा, दोन छोटे, समोर निळे दिवे. खोक्यावर चार हजार वॅट असं लिहिलेलं. एवढी वीज पावसाळ्यात अख्ख्या जव्हारला मिळत नाही; ती एका खोक्यात बसवून वर सूटही दिली होती. बैठक सुरू केली आणि पाड्यावरच्या पुरुषांचा आवाज असा घुमला, की जणू सगळे विहिरीत उतरून मंडप मागताहेत. पलीकडे घटावरचा नारळ थरथरला. आशालताबाईंनी धावत जाऊन लक्ष्मीला धरलं.

दामोदरराव मात्र शास्त्रशुद्ध तपासणीत गुंतले होते. डाव्या कानात बोट घालून, उजव्या डब्यापाशी वाकून त्यांनी उजवा कान लावला. "उत्तम." मग उजव्या कानात बोट घालून, डाव्या डब्यापाशी वाकून डावा कान लावला. कपाळाला आठी पडली. "बंद."

शुक्रवारी ते खोकं परत नेलं, तर सुशीलने डावा डबा दुकानात लावून दाखवला. "काका, चालतोय की!"

"दुकानात चालतो. घरी बंद पडतो."

गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे सुशीलला बापाने शिकवलं होतं. "प्रवासात हलला असेल," तो म्हणाला. प्रवास दुकानापासून घरापर्यंत, सात मिनिटांचा. "पण काका, तुम्हाला गाणी वाजवायचीत की बोलणं ऐकायचंय? बोलणं ना? मग हे दणदणाटाचं सोडा. वॅट बघू नका, दिवे बघू नका. माणसाचा आवाज मधला असतो, तो स्वच्छ पाहिजे. हे बुकशेल्फ स्पीकर न्या. लहान आहेत, साधे आहेत, तुमच्या बजेटात आहेत."

दामोदररावांनी घरी येऊन आधी 'प्रवासात हलला होता' हे आशालताबाईंना सांगितलं, आणि बुकशेल्फ म्हटल्यावर मग बुकशेल्फ शोधलं. घरात पुस्तकांची फळी एकच, आशालताबाईंच्या पोथ्यांची. ते फळीकडे गेले आणि दोन्ही हातांनी पोथ्या उतरवू लागले.

"अहो! सोवळं-ओवळं काही?"

"नावातच बुकशेल्फ आहे. फळीवरच ठेवायचे असतात. तुला तांत्रिक गोष्टी कळायच्या नाहीत."

तांत्रिक गोष्टी कळणाऱ्या माणसाने मग सुशीलला फोन केला. सुशील म्हणाला, नाव काहीही असो, टेबलावरच ठेवा. भिंतीपासून थोडे पुढे, कानाच्या उंचीला, तोंड तुमच्याकडे. पोथ्या परत फळीवर आल्या. दोन काळसर लाकडी डबे टेबलावर आले. आवाज खरंच गोड होता; माणूस समोर बसून बोलतोय असा. दामोदररावांनी उजवा कान लावला, "उत्तम." डावा लावला. "बंद!"

शनिवारी सकाळी तिसरी जोडी आली, वेगळ्या कंपनीची, याहून लहान. दुसरी परत न्यायची म्हणून खोक्यात भरून दाराशी ठेवली होती. तिसरीचाही डावा बंद निघाला. तीन कंपन्या, तीन कारखाने, कुठले कुठले कामगार! त्या सगळ्यांनी मिळून जव्हारच्या एका निवृत्त टायपिस्टाच्या डाव्या बाजूविरुद्ध कट केला होता. "हल्ली माल असाच येतो," दामोदरराव हताश होऊन म्हणाले. "माणसांना कामाची लाजच राहिली नाही."

आशालताबाई पलीकडच्या खोलीत वाती वळत होत्या. टेबलावर बैठक चालूच होती आणि त्यांना नवशीचा आवाज ऐकू येत होता. स्वच्छ, खणखणीत, एका दमात तीन वाक्यं. त्या उठून दारात आल्या.

"अहो, ही काय नवशी बोलतेय!"

दामोदरराव उजव्या कानात बोट घालून, डावा कान स्पीकरला लावून ढिम्म. दार त्यांच्या डाव्या अंगाला होतं.

आशालताबाईंच्या हातातली वात अर्धी राहिली. गेल्या पौर्णिमेला घरी सत्यनारायण घातला होता. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते. त्या दिवशी त्यांनी अगदी ओठातल्या ओठात, गुरुजींनाही कळू नये असं म्हटलं होतं, "केळी कमी आणलीत." आणि दामोदरराव तिथल्या तिथे उसळून म्हणाले होते, "मोजून आणलीत!" जेवायला, चहाला, ओट्यावर गप्पांना त्या डाव्या हाताला बसायच्या, लग्न झाल्यापासून. तिथलं एकही वाक्य पोचत नव्हतं.

दोन वर्षं! दोन वर्षं त्यांनी रुसून काढली होती, एका न ऐकणाऱ्या कानावर.

त्या टेबलाशी आल्या. "उठा."

"काय?"

उजव्या बाजूला जाऊन त्या पुन्हा म्हणाल्या, "उठा जरा." ते उठले. त्यांनी खुर्ची धरून फिरवली, पाठ कॉम्प्युटरकडे, तोंड भिंतीकडे. "बसा आता असे."

"असं कुणी टायपिंग करतं का?"

"टायपिंग नंतर. तुमच्या त्या शास्त्राप्रमाणे कान लावा."

निर्दोष माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. मागे वाकून त्याने उजवा कान स्पीकरला लावला. आता तो सकाळचा डावा होता. नवशी त्याच्या कानात कडाडली. दामोदरराव चमकले. मग त्यांनी दुसरीकडे वाकून डावा कान लावला.

"बंद," ते म्हणाले, आणि त्यांच्याच लक्षात आलं. "हा… हा तर सकाळी चालत होता."

"हो ना. सात मिनिटांचा प्रवाससुद्धा केला नाही त्याने."

"वायर हलली असेल."

आशालताबाई त्यांच्या डाव्या बाजूला गेल्या आणि कानाशी वाकून एक वाक्य बोलल्या. काय बोलल्या ते दामोदररावांना कळलं नाही, आणि त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही. दोन वर्षांचं साठलेलं होतं, पण वाक्य लहानच होतं. मग त्या उजवीकडे आल्या.

"स्पीकर तिन्ही चांगले आहेत. तुमचा डावा कान गेलाय."

  भिंतीकडेच तोंड ठेवून दामोदरराव हळू आवाजात म्हणाले, "हेडफोनपण चांगला होता म्हणजे?"

"हो."

"फेकला मी तो."

"मंगळवारी नाशिकला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," आशालताबाई म्हणाल्या. आवाजातली धार त्यांची त्यांनाच कमी वाटली. "तोवर ती मधली जोडी ठेवा. तिचा आवाज चांगला आहे. ही परत द्या, आणि ती निळ्या दिव्यांची दुकानातच राहू द्या."

माणूस कितीही हादरला तरी व्यवहार सोडत नाही. दामोदररावांनी सुशीलला फोन लावला. उजव्या कानाला. "तो बुकशेल्फ एकच मिळेल का? अर्ध्या किमतीत?"

"काका, चपलांसारखं आहे ते. जोडीनेच मिळतात."

मग जोडी ठेवली. खुर्ची आडवी लावली आणि बायकांच्या बाजूचा स्पीकर उजव्या कानाशी आणला. शनिवारी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आणि रविवारी पहाटेपासून दामोदररावांची बोटं चालली होती. मधूनच ते थांबत, मागे जात, पुन्हा ऐकत. "अरे बाप रे," असंही एकदा ऐकू आलं. पुरुषांचं बोलणं दोन पानांत बसलं होतं. बायकांचं नवव्या पानावर गेलं.

रविवारी अकरा वाजता कविताताई आणि नवशी आल्या. दामोदररावांनी डाव्या कानाचं सांगितलं नाही, आशालताबाईंनी सांगितलं. नवशीने मान हलवली. तिच्या सासऱ्याचाही एक कान गेलेला होता, तो म्हणे शेळ्या त्या कानाच्या बाजूला ठेवत नसे. मग ती दामोदररावांच्या उजव्या हाताला येऊन बसली. "वाचा बाबा."

दामोदररावांनी घसा साफ केला. "'श्रीमती नवशी यांनी, पाड्यावर नागली दळण्याची चक्की मिळावी, अशी नम्र विनंती केली.'"

"नाय."

"काय नाही?"

"मी इनंती नाय केली."

"अहो बाई, कागदावर असंच लिहितात. नम्र विनंती. बत्तीस वर्षं मी…"

"ते तुमच्या कचेरीचं. हे माझं बोलणं हाये."

दामोदररावांनी आशालताबाईंकडे पाहिलं. तिकडून काही मदत येण्यासारखी नव्हती. त्यांनी माउस हलवला, बैठक मागे नेली आणि उजवा कान स्पीकरकडे केला. खोलीत नवशीचा आवाज भरला: "चक्की पायजे! मंडप नको. मंडपात काय दळायचं, नवऱ्याला?"

कविताताई तोंडावर हात ठेवून हसल्या. नवशी हसली नाही. ती दामोदररावांकडे बघत होती.

त्यांनी 'नम्र' खोडलं. 'विनंती' खोडली. मग एक एक कळ दाबत लिहिलं, 'चक्की पायजे.' कॉम्प्युटरने त्या 'पायजे'खाली ताबडतोब लाल रेघ ओढली.

"लाल का झालं?" नवशीने विचारलं.

"त्याला ऐकू येत नाही," दामोदरराव म्हणाले, आणि रेघ तशीच ठेवून पुढचं वाक्य लावलं.