सुनेने सांगितलेले शब्द

प्रबंध पाठवायला दोन दिवस उरले असताना, एका मंगळवारी सकाळी, त्याचे शेवटचे प्रकरण चुकीचे असल्याचे आमच्या तुबलीतल्या घरात उघड झाले. प्रबंध बायकोचा. विषय, पापुआतल्या एका खेड्याच्या भाषेचे व्याकरण. ती भाषा तेवढ्या एका गावातच बोलतात. लग्नाआधी बायको तिथे सात महिने राहिली होती. लिखाण इथे बहारीनमध्ये, नोकरी आणि घर सांभाळून झाले. मुदत दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असे विद्यापीठाने कळवले होते.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक. शेवटचे वाचन माझ्याकडे होते. त्या प्रकरणात भाषेचे कुळ ठरवले होते: पाणी, आग, कुत्रा असे रोजचे शब्द नदीकाठच्या भाषांशी जुळतात, म्हणून ही त्यांच्यातलीच. सगळे शब्द गावातल्या एका म्हातारीने सांगितले होते. मी हे मोठ्याने वाचत होतो. व्हिजिट व्हिसावर आलेली माझी आई शेजारी मेथी निवडत होती.

"ती बाई त्या गावची लेक की सून?" तिने विचारले.

"सून. का हो, आई?" समोर बसलेली बायको म्हणाली.

"मग सगळे शब्द तोंडाने घेईल का? आमच्या सासूबाई जन्मभर सोन्याला 'पिवळं' म्हणाल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या नावात सोनं होतं. बांगडी हरवली, तरी 'पिवळं हरवलं'!"

बायको हसली नाही. तिने त्या गावच्या मास्तरांना फोन लावला. तिथे दुपारचे चार वाजले होते. मास्तरांनी म्हातारीला बोलावले. दोघी तिकडच्या बाजारातल्या मिश्र बोलीत बोलल्या. बायकोने ते लगेच मराठीत लिहून घेतले.

"सासऱ्याच्या, दिरांच्या नावासारखा शब्द मी कसा बोलू? त्या जागी नदीकाठचे सांगितले. सगळ्या सुना तसंच करतात."

"मावशी, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सात महिने आमच्यात जेवलीस. वाटलं, एवढं तुला कळत असेल."

जुळणारे बहुतेक शब्द उसने निघाले. नवी यादी घेऊन तपासायला दोन दिवस पुरणार नव्हते.

"प्रकरण काढून टाक," बायको म्हणाली.

"पदवी अडली तर?"

"अडू दे. खोटं कुळ नाही लावणार. दमले मी आता."

बुधवारी मी अनुक्रमणिका आणि पृष्ठांक बदलले. प्रबंध गुरुवारी सकाळी अकरा वाजता गेला. भाषेच्या कुळापुढे 'अनिर्णित' असे लिहिले आहे. पोच त्याच दुपारी मिळाली. निकाल अजून आलेला नाही.