तापलेलं चाक आणि पाचोडचे युनूसभाई

युनूसभाईंच्या डोळ्यांवर आता इलाज नाही, असं त्यांच्या मुलीनं, शबानानं फोनवर सांगितलं आणि मी नाशिकहून पाचोडला जायचं ठरवलं. भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीत नऊ वर्षं मी पैठण तालुक्यातल्या विहिरी मोजत फिरले. तेव्हा आमची सरकारी जीप युनूसभाई चालवायचे. निवृत्तीनंतर तसलीच जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप मी घेतली, ती त्या दिवसांच्या ओढीनंच.

निघण्याआधी एका गॅरेजात चाकांच्या बेअरिंगांना नवं ग्रीस भरून घेतलं. सकाळी सहाला निघाले. येवल्यात चहा घेतला. वैजापूरहून गंगापूरकडं वळल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा. गंगापुरात भाकरी, बेसन आणि ठेचा शंभर रुपयांत पोटभर मिळालं. जेवून आल्यावर भाईंनी लावलेल्या सवयीनं चारही चाकांना मधोमध हात लावून पाहिला. पुढचं डावं तापलं होतं.

फोन लावला.

"हात ठेववतो का चटका बसतो?" भाईंनी विचारलं.

"दहापर्यंत मोजता येतं. पुढं नाही."

"नुकतंच खोललं व्हतं ना? मंग लई आवळलंय. थंड हू द्या, चाळीसच्या वर जाऊ नका. शहरात सील अन् लॉक वॉशर घ्या. खोलू मातर कुणाला देऊ नका."

दर दहा किलोमीटरवर थांबत संभाजीनगर गाठलं आणि तिथंच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बीडच्या रस्त्यानं तशीच हळूहळू पाचोडला पोचले.

भाई अंगणात, लिंबाखाली बसले होते. इंजिनाच्या आवाजावरूनच उठले. माझी चौकशी मागाहून, आधी त्यांनी चाकावर तळहात ठेवला.

"ताई, हे तुमालाच खोलावं लागंल. मी सांगतो."

जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे दिले. चाक काढलं, मधलं झाकण काढलं, नट फिरू न देणाऱ्या लॉक वॉशरचा दुमडलेला कान सरळ केला, नट सोडला. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन भाईंच्या हातात दिलं. त्यांनी एकेक रोलर बोटानं चाचपला. बेअरिंग खराब निघालं असतं तर नवं आणायला पुन्हा शहर गाठावं लागलं असतं.

"खड्डा नाय. वाचलं."

तळहातावर ग्रीस घेऊन मी ते बेअरिंगाच्या कडेनं दाबत राहिले, रोलरांमधून पलीकडं येईपर्यंत. नवं सील बसवलं. नट मात्र भाईंनी स्वतः आवळला, मला चाक फिरवत ठेवायला लावून. मग थोडा सैल केला.

"आता हलवा. खुळखुळतं का?"

"नाही."

"आन् फिरतं?"

"फिरतं."

"बस. आता नव्या वॉशरचा कान दुमडा."

हात धुऊन मी म्हटलं, "चला, चक्कर मारू."

ते उठले, जीपला हात लावत पुढून वळसा घालून उजव्या दाराशी आले. मुठीवर हात ठेवला. तसेच उभे राहिले. शबाना पुढं व्हायला लागली, मी तिला खुणेनं थांबवलं. थोड्या वेळानं ते डावीकडं गेले.

पैठणच्या रस्त्याला लागलो. मी मोसंबीच्या बागा, वेचणी झालेला कापूस सांगत होते.

"ती चिंच?" त्यांनी विचारलं. तिच्याखाली आम्ही डबा खायचो.

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही राहिली, भाई. रस्ता रुंद केला."

"तरी तिथंच थांबवा."

उन्हात, रस्त्याच्या कडेला बसलो. शबानानं दिलेली खिचडी खाल्ली. ते म्हणाले, "घरात समदे लई जपतात, ताई. पर गाडीत कुणी नेत नाय. दिसत नाय तर न्यायचं कशाला, म्हणतात."

मग अंधार पडेपर्यंत फिरलो. चाक गार राहिलं.

घरी येऊन आठवडा झाला. येताना एकटीनं गाडी छान चालवली, घरचे कौतुकही करतात. मला वाटलं होतं, मी भाईंना भेटायला चालले आहे. खरं तर मला डाव्या सीटवर बसायचं होतं, मांडीवर नकाशा घेऊन, आणि उजवीकडं ते. त्या प्रवासाला आता रस्ता नाही.