बापाच्या निवदावरची विडी

अन्याय माझ्या बापावर झाला. मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मुदखेडच्या स्मशानात, त्याला अग्नी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी. करणारे सगळे घरचेच होते आणि आजही छाती काढून हिंडतात.

बाप रेल्वेत गँगमन होता. विडी त्याच्या तोंडात मी जन्मायच्या आधीपासून. सोडायचा प्रयत्न त्यानं किती वेळा केला, ते आईलाही सांगता येत नाही. एकदा माहूरला देवीच्या पायऱ्यांवर विड्यांचा अख्खा कट्टा ठेवून आला आणि गड उतरेपर्यंत दुसरा घेतला. एकदा घरातल्या सगळ्या काडेपेट्या आईकडं कुलपात दिल्या, मग गॅसच्या शेगडीवर विडी पेटवताना मिशी जाळून घेतली. मला हसायचं तोंड नव्हतं. लातूरला माझंही तेच चाललं होतं, फक्त सिगारेटवर. पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं लिहायची, 'झुकू नका' असं ठळक छापून घ्यायचं, आणि छापखान्याबाहेर टपरीवाल्यापुढं हात पसरायचा.

शेवटी आम्ही दोघांनी एकाच दिवशी सोडली. रोज संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन यायचा. ओढली का? न्हाई, तुम्ही? न्हाई. फोन बंद. आठ महिने आमचं एवढंच बोलणं झालं, आणि त्याआधी आयुष्यात मी त्याच्याशी इतकं कधी बोललो नव्हतो. मग एका सकाळी कामावरच त्याचं हृदय थांबलं. आदल्या संध्याकाळीही त्यानं न्हाईच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि निवद मांडला. मेलेल्याला आवडायचं ते ठेवायची आमच्याकडं रीत. भाकरी, मेथीची भाजी, कपभर चहा. थोरल्या काकांनी खिशातून विडी काढून त्यावर ठेवली. कावळा येईना. लिंबावर बसून नुसता बघत होता. पाहुणे उन्हात ताटकळलेले. मागून कुणीतरी म्हणालं, "आठ महिन्यांचा उपाशी हाय त्यो, म्हणून शिवून नाही राहिला." लोक हसले. तिथं, राखेजवळ.

काका मला म्हणाले, "कोरी विडी त्यानं कधी ठेवली व्हती का? पेटवून ठेव. लेकानंच पेटवायची."

"काका, त्यांनी सोडली होती."

"मेल्यावर कशाचं सोडणं रं? बाप तिष्ठत बसलाय अन् तू भाषण करून राहिला."

मी पेटवली. विडी ओढल्याशिवाय पेटत नाही, हे ओढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. काकांनाही माहीत होतं. तीन झुरके घेतले. कावळा उतरला, भाकरीचा तुकडा घेऊन गेला. विडीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. तरी सगळे म्हणाले, बघा, विडीसाठीच अडला होता. बापाचे आठ महिने पुसून टाकले आणि पुसायला माझंच तोंड वापरलं.

तेरवीपर्यंत मी रोजच्या पाकिटावर आलो होतो. लातूरला परतलो त्याच संध्याकाळी, सात वाजता, फोन वाजला. आई होती. तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"ओढली का?"

"हाव."

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. असे कितीतरी दिवस मी तिला हाव सांगत राहिलो. मग एका संध्याकाळी न्हाई सांगितलं आणि ते खरं होतं. तेव्हापासून न्हाईच चालू आहे.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. काकांचा निरोप आलाय, विडी विसरू नको, नाहीतर पुन्हा अडून बसंल. बसू दे. ताट दुपारपर्यंत तसंच पडलं तरी मी काडी ओढणार नाही.

तुम्हीही कुणाच्या तरी निवदाभोवती उभे राहता. ज्यानं मरायच्या आधी विडी सोडली, त्याच्या ताटात विडी ठेवणाऱ्याचा हात तिथल्या तिथं धरा. वय बघू नका, नातं बघू नका. त्या मंगळवारी माझ्या बापाभोवती सगळी भावकी उभी होती. एकानंही धरला नाही. मीही नाही. तुम्ही धरा.