टोरंटोला सात तासांत

भाऊ आणि त्याची बायको टोरंटोहून तीन आठवड्यांसाठी आले होते. निघायच्या आदल्या दिवशी आईने त्याला विचारलं, "शुक्रवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे रे. चार दिवस थांबता नाही का येणार?"

"रजाच संपली गं आई."

सोमवारी सकाळी सहाला ते दोघे नाशिकहून टॅक्सीने मुंबईला गेले. दुपारी एकचं विमान होतं. संध्याकाळी आठला आईचा फोन वाजला. "पोहोचलो गं सुखरूप. तू आता जेवून घे." आईने देवापुढे साखर ठेवली.

मी ओझरच्या शाळेत भूगोल शिकवते. मुंबई ते टोरंटो साडेबारा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेने धरलं आणि कुठेही थांबलं नाही, तरी चौदा तास. यांना तर वाटेत विमान बदलायचं होतं. निघून जेमतेम सात तास झाले होते. आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग गॅलरीत जाऊन त्याला फोन लावला.

"खरं सांग, कुठे आहेस?"

"ताई, नेटवर्क जरा..."

"कुठे आहेस?"

"पुण्यात. हिच्या आईकडे. पुढच्या गुरुवारी निघतोय. आई जागत बसली असती, म्हणून लवकर सांगून टाकलं. तिला बोलू नकोस, प्लीज."

मी बोलले नाही. तिचं ऑपरेशन नीट पार पडू दे, एवढंच डोक्यात होतं.

फ्रिजवरच्या घड्याळात आईने टोरंटोची वेळ लावलेली असते. रोज दुपारी तिला त्याच्याशी बोलावंसं वाटायचं. घड्याळाकडे बघून मला विचारायची, "झोपला असेल ना?" मी म्हणायचे, "हो, झोपला असेल."

शुक्रवारी नाशिकच्याच कॅनडा कॉर्नर भागातल्या दवाखान्यात मी एकटीच बाहेर बसले होते. पुण्याहून पाच तासांची वाट. सकाळी निघून संध्याकाळी परत गेला असता. त्याचा मेसेज आला, "कसं झालं?" मी "ठीक" एवढंच लिहिलं. डोळ्याला पट्टी लावून आई बाहेर आली. म्हणाली, "आत्ता नको त्याला कळवू. तिकडे मध्यरात्र असेल."

गुरुवारी त्याने कळवलं, आता खरंच निघालोय. त्या संध्याकाळी आईच्या डोळ्यात थेंब घालताना मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर त्याचीच बाजू घेईल. तिने गालावर ओघळलेला थेंब पुसला.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारीच. तो गेला त्या दिवशी."

"म्हणजे दहा दिवस. तो लांबचा झालाय, मला कळतं ते. पण तू माझ्याशेजारी बसून रोज म्हणत होतीस, झोपला असेल म्हणून."

त्यानंतर तिने थेंबांची बाटली माझ्या हातात दिली नाही. आरशासमोर उभी राहून स्वतःच घालायची. निम्मे गालावर सांडायचे.